जाम नदीचे दोन काठ

पांढुर्ण्याची गोटमार एकदा डोळ्यांनी पाहावी, असे आम्ही उभयता कित्येक वर्षे म्हणत होतो आणि दर वर्षी काही ना काही निमित्ताने ते राहून जात होते. या खेपेस मात्र तिकडे जाणे भागच पडले. घरातला एक प्रश्न सुटत नव्हता. तो सोडवण्याचा अधिकार सर्वांनी ज्यांच्याकडे सोपवला, त्या आमच्या मोठ्या आत्याबाई सौंसरला राहतात. वय त्र्याऐंशी. टेलिफोनवर त्या फक्त पावसापाण्याचे बोलतात, महत्त्वाचे काही निघाले की म्हणतात, "समोर या, मग बोलू." तेव्हा पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही भोपाळहून दक्षिणेकडची गाडी धरली. आधी पांढुर्णा, मग सौंसर असा बेत होता. पिशवीत आत्याबाईंसाठी इंदूरची शेव होती आणि पुतणीने अमेरिकेहून पाठवलेले चार पानी पत्र होते.

इटारसी सोडल्यावर गाडी सातपुड्यात शिरते. श्रावणाच्या अखेरीचे ते डोंगर म्हणजे नुसती हिरवाई. बोगदे, साग, मध्येच एखादा दुथडी वाहणारा ओढा. बैतूल, आमला, मग तापीच्या उगमाचे मुलताई. तेथपर्यंत डब्यातली भाषा हिंदी असते. मुलताईनंतर घाट उतरू लागला की ती हळूहळू बदलते. पांढुर्ण्याच्या फलाटावर आम्ही पाय ठेवला आणि कानावर पहिले वाक्य पडले, "काहून गा, आज गाडी वेळेवर कशी?" आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. चार पिढ्या माळव्यात काढलेल्या आमच्यासारख्यांना मराठी भेटते ती घरात, गणेशोत्सवात आणि अशा मासिकांत. येथे ती फलाटावर, हमालाच्या तोंडी, नळावरच्या भांडणात भेटते.

या भागाची गोष्टच तशी आहे. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती तेव्हा पांढुर्णा-सौंसर हे तिच्या अंगणातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ एकीकडे गेला आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हे दोन तालुके मध्य प्रदेशात राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या दोन तालुक्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. दुकानांच्या पाट्या हिंदी, भाव मात्र मराठीत चालतो. कापूस, संत्री, पोळा, महालक्ष्म्या, सारे वऱ्हाडासारखेच.

आता घरचा प्रश्न सांगितला पाहिजे. बारा वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या बंधूंच्या मुलाने अमेरिकेत एका गोऱ्या मुलीशी लग्न केले. तेव्हा पेढे वाटले गेले. सून नऊवारी नेसली, तिने "नमस्कार" म्हटले, याचे कौतुक आम्ही स्वतः दहा घरी सांगत फिरलो. यंदा त्याच बंधूंच्या मुलीने, आमच्या पुतणीने, आपल्याबरोबर काम करणाऱ्या एका तरुणाशी विवाह ठरवला. मुलगा शिकलेला, स्वभावाने शांत, आईबापांचा लाडका. तो आफ्रिकी वंशाचा अमेरिकन आहे. या खेपेस पेढे आले नाहीत. नाही कोणी म्हटले नाही, आणि होही कोणी म्हटले नाही. बंधू गप्प राहिले. वहिनी एवढेच म्हणाल्या, "मुलगा असता तर गोष्ट वेगळी होती." नंतर थोड्या वेळाने म्हणाल्या, "निदान गोरा तरी..." आणि वाक्य अर्धे सोडून स्वयंपाकघरात गेल्या. ती दोन वाक्ये आमच्या मनात खोल रुतून बसली. एका वाक्यात मुलगी कमी ठरली, दुसऱ्यात काळा रंग. अमेरिकेतल्या विषमतेविषयी आपण वर्तमानपत्रांत वाचतो आणि हळहळतो. ती आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेली निघाली. शेवटी बंधूंनी मध्यम मार्ग काढला, "आत्या हो म्हणतील तर आमचे काही म्हणणे नाही."

पांढुर्ण्यात आमच्या एका जुन्या स्नेह्यांकडे उतरलो. पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी झुली पांघरलेले, शिंगांना बेगड लावलेले बैल तोरणाखाली उभे राहिले, झडत्या झाल्या, घरोघरी बैलांना ओवाळून पुरणपोळीचा घास दिला गेला. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, तरी पोळ्याचा उत्साह ओसरलेला नाही. पण गावाचे लक्ष दुसऱ्या दिवसाकडे लागलेले असते. पोळ्याचा पाडवा, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, हा गोटमारीचा दिवस.

जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पहाटे नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, पूजा होते. मग दोन्ही काठांवर माणसे जमतात आणि दगडफेक सुरू होते. पांढुर्ण्याकडच्यांनी झाडापर्यंत पोचायचे, कुऱ्हाडीने ते तोडायचे, झेंडा चंडीमातेच्या देवळात न्यायचा. सावरगावकडच्यांनी त्यांना पोचू द्यायचे नाही. दिवसभर दगड उडत राहतात. जखमींचा आकडा काही शेकड्यांत जातो. आजवर कित्येक माणसे जिवालाही मुकली आहेत. प्रशासनाने मनाईहुकूम काढून पाहिले, एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी पुन्हा दगडच उचलले. सूर्य कलला की झेंडा देवळात जातो, आणि ज्यांनी एकमेकांची डोकी फोडली ते एकमेकांना आलिंगन देतात.

आम्ही हे स्नेह्यांच्या गच्चीवरून पाहिले. दगड वेचणारे, गोफण फिरवणारे, पात्रात उतरणारे सारे पुरुष. बायका गच्च्यांवर आणि खिडक्यांत. कोणाचा मुलगा खाली असेल तिचे ओठ हलत होते. रुग्णवाहिकांचे भोंगे वाजत होते. आमच्याशेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंनी गोटमारीची कथा सांगितली. ही कथा अनेक परींनी सांगतात. काहीजण तिचा संबंध जुन्या काळच्या लढायांच्या सरावाशीही जोडतात. पण लोकांच्या तोंडी आहे ती अशी : पांढुर्ण्याच्या मुलाचे सावरगावच्या मुलीवर मन बसले. दोघे पहाटे नदी ओलांडून येत होते. सावरगावच्यांनी पाहिले आणि मुलगी परत मिळवण्यासाठी दगड मारले. पांढुर्ण्याच्यांनी मुलाच्या मदतीसाठी दगड मारले. दोघेही मधल्या मध्ये मेले. तेव्हापासून पळसाच्या झाडाला सावरगावचे लोक आपली लेक मानतात.

आम्ही विचारले, "त्या मुलीचे नाव काय होते?" बाई क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "नाव कोणाला ठाऊक? पोरगी होती."

ते उत्तर दिवसभर आमच्या डोक्यात राहिले. एक काठ म्हणतो ती आमची, दुसरा म्हणतो ती आता आमची. तिचे स्वतःचे कोणते म्हणणे असू शकेल, हे कथेत कोठेच येत नाही. तिने नदीत पाय घातला होता, एवढेच तिचे बोलणे. आणि त्यावर उत्तर म्हणून दगड आले. शंभरेक किलोमीटरवरच्या नागपुरात त्याच दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत ही इंग्रजांना सामील झालेल्या बाकाबाई भोसले यांची प्रतिमा, असे लोक मानतात. साऱ्या शहराची इडापीडा त्या बाईच्या पुतळ्यावर घालून तो जाळतात. राज्य बुडाले त्यात पुरुष सरदार काय थोडे होते? पण पुतळा बाईचा, आणि तोही काळा.

माणसांचे दोन गट वेगळे ठेवायचे असतील तर त्यांच्यामधली रेघ कोठून काढावी लागते, याचा विचार एका मराठी विद्यार्थ्याने शंभर वर्षांपूर्वी केला होता. मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे की, आपल्यातल्या आपल्यात लग्न हाच जातीचा कणा आहे. आणि तो ताठ ठेवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी आल्या. म्हणजे जातीच्या कुंपणाला खांब म्हणून पुरले गेले ते बायकांना. हे समजले म्हणजे जाती आणि लिंग हे दोन निराळे प्रश्न राहत नाहीत. मुलगी नदी ओलांडते तेव्हा केवळ घरातून जात नाही. ती कुंपणाचा खांबच उपटून नेते. म्हणून तर एवढे दगड.

निबंध वाचला गेला अमेरिकेत, पण तो अमेरिकेलाही लागू होता. तेथे हेच कुंपण कायद्याच्या पुस्तकात छापलेले होते. आमची पुतणी राहते ती उत्तर व्हर्जिनियात, पोटोमॅक नदीच्या काठी. पलीकडच्या काठावर राजधानी वॉशिंग्टन. या नदीचीही एक गोष्ट आहे, आणि तिच्यातल्या माणसांची नावे मात्र सगळ्यांना ठाऊक आहेत. १९५८ साली व्हर्जिनियातल्या एका खेड्यातला रिचर्ड लव्हिंग हा गोरा गवंडी आणि मिल्ड्रेड जेटर ही काळी तरुणी यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले. तेथे ते कायदेशीर होते. नदी ओलांडून ते आपल्या गावी परतले, आणि काही आठवड्यांनी रात्री त्यांच्या झोपण्याच्या खोलीत पोलीस शिरले. भिंतीवर लावलेला विवाहाचा दाखला मिल्ड्रेडने दाखवला. येथे तो चालत नाही, असे उत्तर मिळाले. न्यायाधीशांनी एक वर्षाची कैद सुनावली आणि एका अटीवर ती स्थगित केली : पंचवीस वर्षे दोघांनी मिळून या राज्यात पाऊल टाकायचे नाही.

१९६३ साली मिल्ड्रेडने कायदेमंत्री रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिले. त्या एका साध्या पत्रातून खटला उभा राहिला आणि १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की वंशाच्या कारणाने विवाहाला बंदी घालता येणार नाही. तोवर सोळा राज्यांत अशी बंदी होती. अलाबामा राज्याच्या घटनेतून ते कलम काढले गेले ते थेट २००० साली, आणि तेव्हाही लाखो मतदारांनी ते राहू द्यावे म्हणून मत दिले.

तेथील स्त्रियांच्या हक्कांचेही असेच दोन काठ होते. १९२० साली अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार मिळाला, असे आपण शाळेत शिकलो. पण दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या स्त्रीला मतपेटीपर्यंत जायला १९६५ चा कायदा व्हावा लागला. समान वेतनाचा कायदा १९६३ साली झाला. आजही पूर्णवेळ काम करणाऱ्या स्त्रीची कमाई पुरुषाच्या शंभर डॉलरमागे ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात राहते, आणि गोऱ्या पुरुषाच्या तुलनेत काळ्या स्त्रीची कमाई सत्तरीच्याही खाली जाते. दुसऱ्या दिवशी सौंसरच्या बसमधून जाताना शेतांत निंदण करणाऱ्या बायकांच्या रांगा दिसत होत्या. शेजारी बसलेल्या शेतकऱ्याला आम्ही रोजी विचारली. बाईची कमी, गड्याची जास्त. आपल्याकडेही समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला. "काम तर सारखेच?" असे विचारता तो मोकळेपणाने म्हणाला, "बायाच जास्त करतात जी. पण रीत आहे."

बसची ती तासाभराची वाट फार सुंदर आहे. दोन्ही बाजूंना कपाशी आणि संत्र्यांच्या बागा. झाडांवर अंबिया बहाराची हिरवी फळे लगडलेली. सौंसरच्या अलीकडे जामसावळीचे देवस्थान लागते. येथला मारुती उभा नाही, पिंपळाखाली आडवा पहुडलेला आहे. आम्ही उतरून दर्शन घेतले, प्रसाद घेतला, पुढची बस धरली. मनात मात्र बंधूंना काय सांगावे याचीच जुळवाजुळव चालली होती.

एक गोष्ट त्यांना सांगायचे ठरवले. परदेशी गेलेले आपले लोक आपण गोऱ्यांच्या बाजूचे, असे मनातून धरून चालतात. पण १९२३ साली भगतसिंग थिंद या शीख गृहस्थांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले होते की हिंदुस्थानी माणूस गोरा नव्हे, सबब तो नागरिक होऊ शकत नाही. तो दरवाजा आपल्या डॉक्टर-इंजिनियरांसाठी खऱ्या अर्थाने उघडला १९६५ च्या कायद्याने. तो कायदा ज्या काळात झाला त्या काळाची हवा काळ्या लोकांच्या चळवळीने बदलली होती. त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले. आणि त्यांनी ढकलून उघडलेल्या दारातून आमचा पुतण्या आणि पुतणी आत गेली.

आणि मराठी माणसाने तरी हे नाते विसरू नये. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली ती अमेरिकेतल्या लोकांना अर्पण करून. काळ्यांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिले. तेथील स्त्रियांच्या संस्थांचे त्यांनी मन भरून कौतुक केले, आणि काळ्यांना मिळणारी वागणूकही नजरेआड केली नाही. आपल्या भाषेला हे शहाणपण दीडशे वर्षांपूर्वी आलेले आहे. घराला यायचे बाकी आहे.

आत्याबाई ओसरीवर वाट पाहत बसल्या होत्या. चहा झाला, शेव झाली, पावसाची चौकशी झाली. मग त्यांनी चष्मा पुसला. "वाच."

आम्ही पत्र वाचू लागलो. पुतणीने स्वतःची बाजू फारशी मांडली नव्हती. मुलाच्या घरचे लिहिले होते. त्याच्या आजीचे माहेर व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड परगण्यात. गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एकत्र शिकावे असा न्यायालयाचा आदेश आला, तेव्हा एकत्र शिकवण्यापेक्षा शाळाच नकोत, म्हणून त्या परगण्याने १९५९ साली आपल्या सरकारी शाळा सरसकट बंद केल्या. पाच वर्षे, १९६४ पर्यंत त्या बंद होत्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली; काळी मुले घरी राहिली. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या. शाळा उघडल्या तेव्हा चौदा. पुढे त्या इस्पितळात कामाला लागल्या, मुले शिकवली, नातू शिकवला. पुतणीने शेवटी लिहिले होते, "आजींना माझी काळजी नाही, तुमची आहे. त्या विचारतात, ती माणसे माझ्या नातवाला घरात घेतील ना? मी त्यांना काय सांगू?"

आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्या बोलल्या ते त्यांच्या नेहमीच्या बोलीत. "मलेही सातवीतून काढलं. पोरगी मोठी झाली म्हणून. भाऊ मॅट्रिक झाला, मी नाही. मी पहिली येत होती."

हे आम्हांला ठाऊक नव्हते. सत्तर वर्षांत त्यांनी ते कधी काढले नव्हते.

त्या उठून आत गेल्या आणि आम्हांला मागच्या दारी बोलावले. परसाच्या भिंतीत एक कोनाडा आहे. "येथं एक कप राहे," त्या म्हणाल्या. "कान तुटलेला. आपल्याकडे शेण-गोठ्याले एक बाई ये, तिचा. तिनंच धुवायचा, तिनंच ठेवायचा. चहा वरून ओतत. मीही ओतला आहे." १९५६ च्या दसऱ्याला, १४ ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. सौंसरहूनही छोट्या गाडीने माणसे गेली. ती बाईही गेली. परत आल्यावर कामाला आली, पण कोनाड्यातला कप तिने उचलला नाही. "आईनं विचारलं, चहा घेत नाहीस? तर म्हणाली, घेईन बाई, पण तुमच्यासारख्या कपात. आईनं तिले कामावरून काढलं. मी चौदा वर्षांची होती. मी काही बोलली नाही. तिचीही पोरगी माझ्याच वयाची होती. शाळेचं तोंड तिनं पाह्यलंच नाही."

ती छोटी गाडी २०१५ साली बंद झाली. आता मोठ्या रुळांवरून गाड्या जातात. कोनाडा मात्र आहे. आता त्यात पणती ठेवतात.

आम्हांला जाईबाई चौधरींची आठवण झाली. नागपूर ते कामठी डोक्यावरून ओझी वाहणारी ही बाई शिकली आणि १९२२ साली नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने तिने मुलींची शाळा काढली. १९३७ साली अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले तेव्हा तेथे जेवणाची पंगत बसली, आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी जमलेल्या त्या परिषदेत जाईबाईंना वेगळे बसवले गेले. त्यांनी ते निमूट सोसले नाही. दलित स्त्रियांनी सभा घेऊन निषेध केला. १९४२ साली त्याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची स्वतंत्र परिषद भरली. बाई म्हणून मागे आणि जात म्हणून आणखी मागे, हे दुहेरी ओझे जाईबाईंना कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही. आमच्या परसातल्या त्या बाईलाही नाही.

आत्याबाई पुन्हा ओसरीवर येऊन बसल्या. फोटो हातात घेऊन निरखला. रंगाविषयी अवाक्षर काढले नाही. म्हणाल्या, "सारे मलेच विचारून राहिले. पोरीले कोणी विचारलं?"

आम्ही म्हटले, "तिने तर ठरवलेच आहे."

"मग मले काय विचारता? ठरलं तर ठरलं. होकार देणारी मी कोण? तिनं पाय पाण्यात घातला. आपण काठावर काय घेऊन उभे आहो, तेवढं पाहा." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "पत्र लिहायचं आहे. तिच्या बापाले नाही. त्या आजीले."

मग आत्याबाईंनी सांगितले आणि आम्ही लिहून घेतले. पत्र अगदी लहान होते. नातवाला घरात घेऊ, हे पहिल्याच ओळीत आले. नंतर त्यांनी लिहवले की या घरात पूर्वी एका बाईचा कप वेगळा ठेवीत, हे तुम्हांला आधी ठाऊक असावे. लपवून सोयरीक करू नये. आम्ही लेखणी थांबवली. परक्या घरी हे कशाला कळवायचे, असे आमच्या तोंडावर आले होते. त्यांनी ते ओळखले. "लिही," म्हणाल्या. शेवटी एक प्रश्न होता : शाळा बंद होती ती पाच वर्षे तुम्ही घरी काय करीत होता? मी पापड लाटीत होते आणि भावाची पुस्तके चोरून वाचीत होते.

ते पत्र आम्ही इंग्रजीत उतरवून पाठवले. मराठी मूळही सोबत जोडले, कारण अक्षर समजले नाही तरी खालची सही आत्याबाईंनी स्वतः केली होती. बंधूंना आम्ही फोनवर एवढेच सांगितले की आत्या हो म्हणाल्या नाहीत. हो म्हणण्याचा अधिकार आपला नाही, असे म्हणाल्या. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग वहिनींचा आवाज आला, "मुलाच्या आईला साडी चालेल का, की दुसरे काही घ्यावे?"

परतीच्या वाटेवर पांढुर्ण्याला गाडी धरण्याआधी आम्ही पुन्हा जाम नदीवर गेलो. गोटमार होऊन दोन दिवस झाले होते. पात्रात आदल्या परवाचे दगड पडलेले होते आणि त्यांच्यामधून पाणी नेहमीसारखे वाहत होते. सावरगावकडून दोन शाळकरी मुली दप्तरे सांभाळीत पुलावरून पांढुर्ण्याकडे येत होत्या. त्यांच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. आम्हांला ते फार बरे वाटले. मुलीने नदी ओलांडावी आणि कोणी दगड उचलू नये, एवढीच तर गोष्ट आहे. पुलाच्या टोकाशी त्यांतली एक थांबली, तिने वहीतून काहीतरी काढून दुसरीला दाखवले, आणि दोघी हसत पुढे गेल्या. आम्ही त्यांना त्यांची नावे विचारली. दोघींनीही चटकन, ठसक्यात सांगितली.